गाडीच्या आतल्या छताचं कापड लोंबतंय, घरी बदललंय का कुणी?

मंडळी, मदत हवी आहे. बाबांची २००४ ची सेडान आहे. इंजिन टुणटुणीत, पण छताचं कापड पार सुटलंय. आधी मागच्या काचेजवळ एक फुगा आला, तिकडे आम्ही काणाडोळा केला. त्यात नागपूरचा मे महिना आणि गाडी दिवसभर उघड्यावर. आता मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर कापड टेकतं, आरशातून मागची निम्मीच काच दिसते. हात लावला की पिवळसर भुकटी झरते. बाबांच्या कॉलरवर ती बघून आईने कोंड्याचा शांपू आणला होता, ते असो.

आधी टाचण्या लावल्या; एक बाबांच्या मानेवर पडली. मग इंजेक्शनच्या सुईने कापडामागे सुतारकामाचा पांढरा गोंद सोडला. कापडावर डाग पडले आणि चौथ्या दिवशी झोळी पुन्हा खाली. सीट कव्हरवाला म्हणतो, काही न काढता वरूनच रेक्झिन मारून देतो, साडेपाच हजार. मला पटत नाही. गोंद कुठला घ्यावा, आणि कापड कुठलं?

प्रतिसाद:
गोंद बदलून उपयोग नाही. कापडाच्या पाठीला दोन-तीन मिलिमीटर फोम असतो, उन्हाने आणि दमट हवेने तोच कुजतो. तुमची भुकटी म्हणजे तो फोम. गोंद भुकटीला चिकटतो, पण भुकटीच साच्याला, म्हणजे कापडामागच्या छताच्या आकाराच्या कडक फळीला, धरून नसते. रेक्झिनचंही तेच होणार, शिवाय ते जड.

मी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हॅचबॅकचं केलं. आधी काचांच्या बाजूच्या, छताला टेकणाऱ्या खांबांवर ‘एअरबॅग’ लिहिलंय का बघा. असेल तर स्वतः हात लावू नका, गॅरेजमध्ये न्या. नसेल तर सन व्हायजर, हँडल, दिवा, खांबांवरचं प्लास्टिक आणि दारांचं रबर काढलं की साचा मोकळा होतो. माझा डिकीतून निघाला. तुम्हाला सीट आडव्या पाडून दारातून तिरका काढावा लागेल. दोघं लागतात, मधे वाकला की कायमची घडी पडते.

मास्क लावून मऊ ब्रशने जुना फोम पूर्ण घासा. तारेचा ब्रश नको, साचा सोलला जातो. यातच माझी अख्खी दुपार गेली. कापड फोमवालंच घ्या, साध्या कापडातून साच्याचा प्रत्येक खड्डा दिसतो. गोंद उष्णता सोसणारा स्प्रे. साच्याला आणि फोमला, दोन्हीकडे मारा. बोट टेकवल्यावर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही, इतपत सुकू द्या. कापड अर्धं दुमडून मधून सुरुवात करा आणि तळहाताने कडेकडे सरकवत न्या. खोलगट जागी ताणायचं नाही, आत दाबत बसवायचं. ताणलेलं उन्हात पुन्हा सुटतं.

धागाकर्ता:
खूप आभार! खांबांवर काही लिहिलेलं नाही. कापड किती आणू? आणि दिव्याचं भोक आधी कापायचं का?

प्रतिसाद:
साचा मोजून चारी बाजूंनी वीतभर जास्त. व्हायजरसाठीही त्यातूनच काढा, नाहीतर रंग वेगळा दिसतो. भोक नंतर. चिकटल्यावर मधे फुलीसारखा काप द्या आणि टोकं मागे वळवून चिकटवा. पाऊस लागायच्या आत उरका. दमट हवेत स्प्रे नीट सुकत नाही.