मदत हवी आहे: स्विमिंग पूलभोवतीच्या डेकच्या दगडावरचा सीलर पांढरा पडून सुटतोय, पुन्हा मारू की काढून टाकू?

नमस्कार मंडळी,

घरामागे पोहण्याचा तलाव आहे. त्याच्या भोवती ट्रॅव्हर्टाइनचा दगड बसवलाय आणि त्याला लागून बसायच्या जागेत काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक आहेत. दगड बसवून दीड वर्ष झालं, सीलर, म्हणजे डाग-पाणी मुरू नये म्हणून दगडावर लावतात तो लेप, मारून आठ महिने.

काम करणाऱ्यांनी "चमकही येईल आणि डागही पडणार नाहीत" म्हणून चकाकणारा सीलर सुचवला. रिकामा डबा मी जपून ठेवलाय, त्यावर सॉल्व्हंट बेस्ड अ‍ॅक्रिलिक असं लिहिलेलं आहे. आदल्या दिवशी प्रेशर वॉशरने दगड धुतला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी रोलरने दोन हात दिले. पहिला महिनाभर दगड फार सुरेख दिसला, ओला केल्यावर दिसतो तसा गडद आणि जिवंत.

मग पांढरे ढग दिसायला लागले. आधी कडेच्या वाफ्याजवळ, नंतर सांध्यांच्या कडेकडेने. आता तर पापुद्रे सुटतायत. परवा मुलगी पाण्यातून वर आली तर तिच्या तळपायाला कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा चिकटून आला. मी खाली बसून तिथला उरलेला तुकडा नखाने उचलला, तर तो अखंड निघाला आणि त्याखालचा दगड बोटाला गार, ओलसर लागला. आधीचे तीन-चार दिवस पाऊस नव्हता आणि ती जागा तलावाच्या काठापासून चांगली पाच-सहा फूट लांब आहे. मग ही ओल आली कुठून?

दुसरी काळजी याहून मोठी आहे. सासूबाई रोज संध्याकाळी तिथे येऊन बसायच्या. मागच्या महिन्यात ओल्या दगडावरून त्यांचा पाय सरकला, शेजारच्या खुर्चीचा आधार सापडला म्हणून निभावलं. तेव्हापासून त्या दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. सीलर मारण्याआधी हाच दगड अजिबात निसरडा नव्हता.

तलावाचं पाणी मिठाचं आहे, म्हणजे मिठापासून क्लोरीन तयार करणारं यंत्र आहे. लिटरला साडेतीन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. काठाच्या दोन दगडांचा पृष्ठभाग पिठासारखा सुटतोय, झाडलं की पुन्हा तेवढंच पीठ.

काम करणारे म्हणतात, अ‍ॅसिडने धुऊ आणि वरून आणखी एक हात देऊ. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे त्यांना सांगता येईल इतकं मला कळत नाही. हा पांढरेपणा सीलरचा की लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारे क्षार? काढायचा असेल तर कशाने? आणि तलावाजवळच्या दगडाला सीलर मुळात लावावा का?

प्रतिसाद

ताई, अ‍ॅसिड लावू देऊ नका, हे सगळ्यात आधी. ट्रॅव्हर्टाइन म्हणजे कॅल्साइट, चुनखडी आणि संगमरवराच्या घरातलंच. अ‍ॅसिड पडलं की फेस येतो आणि फेसाबरोबर दगडच विरघळत असतो. खात्री करायची असेल तर बसवून उरलेल्या दगडाच्या तुकड्याच्या मागच्या बाजूला व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. तलावाच्या पीएचसाठी अ‍ॅसिड वापरत असाल तर तो कॅनही डेकवर टेकवू नका.

आता पांढरेपणा. तिथे पाणी शिंपडा. लोणा असेल तर ओला असताना दिसेनासा होतो, वाळला की परत उगवतो आणि बोटाला भुकटी लागते. सीलरच्या आत ओल अडकली असेल तर नाण्याने खरवडल्यावर प्लॅस्टिकसारखी वळकटी निघते. तुमच्या वर्णनावरून हे दुसरं वाटतंय. प्रेशर वॉशरने धुतल्यावर एका दिवसात दगड आतून वाळत नाही. वर ऊन तापत असेल तर सीलर वरून लगेच सुकतो आणि खालची वाफ तिथेच कोंडते. त्यावर आणखी एक हात म्हणजे कोंडमारा वाढवणं.

कोपऱ्यातल्या एका दगडावर कापसाच्या बोळ्याने थोडं झायलिन (रंग पातळ करायचं सॉल्व्हंट) लावा, अर्धा मिनिट थांबा. चिकट झालं तर डब्यावर लिहिलंय तेच आहे आणि स्ट्रिपरने, म्हणजे थर सोडवणाऱ्या रसायनाने, निघेल. झायलिन पेटतं आणि त्याचा वास डोक्यात जातो, तेव्हा मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आसपास ज्योत नसताना करा.

प्रतिसाद

वरच्यांनी निदान बरोबर केलंय, पण माझ्या मते मुख्य प्रश्न "ओल आली कुठून" हाच आहे आणि तो तुम्हीच विचारलाय. दगडावर सीलर लावण्याआधी पाणी कोणत्या बाजूने येतं हे ठरवावंच लागतं.

पापुद्रा धरणारे सीलर, म्हणजे अ‍ॅक्रिलिक, पॉलियुरेथेन, इपॉक्सी, दगडाच्या वर थर करतात. चमक त्यांचीच, आणि निसरडेपणाही त्यांचाच, कारण दगडाची बारीक खरखर त्या थराखाली बुजते. सासूबाईंचा पाय दगडावरून नाही, प्लॅस्टिकवरून सरकला. आत मुरणारे सीलर, सिलेन-सिलॉक्सेन किंवा फ्लोरोपॉलिमरचे, छिद्रांच्या भिंतींना लागतात. छिद्र उघडंच राहतं, पाणी आत शिरत नाही पण वाफ बाहेर पडते.

तरी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. खारं पाणी वरून उडत असेल तर मुरणारा सीलर कामाचा आहे. पण ते खालून किंवा बाजूने दगडात येत असेल, तर सीलर लागलेल्या पट्ट्याच्या खालीच पाण्याची वाफ होते आणि मीठ तिथेच मागे राहतं. त्याचे स्फटिक वाढतात आणि वरची कपची उचलून टाकतात. तुमच्या काठाच्या दगडांचं पीठ होतंय ते मिठाच्या अशाच स्फटिकांमुळे असावं. ती जागा सुकी होत नाही तोवर सील करू नका.

तपासायला सोपी रीत आहे. साधारण 45 सेंटिमीटरचा चौकोनी प्लॅस्टिक कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान 16 तास ठेवा. खालून थेंब जमले किंवा दगड गडद झाला तर ओल खालून येते. मात्र ही चाचणी सीलर काढलेल्या जागेवर करा, नाहीतर उत्तर चुकेल. दोन-तीन ठिकाणी लावून तुलना करा.

प्रतिसाद

पेव्हर ब्लॉकबद्दल थोडं. काँक्रीटमधला मोकळा चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, तोच तो पांढरा थर. म्हणून नवे ब्लॉक दोन-तीन महिने सीलर न लावता तसेच ठेवतात. तुमचे दीड वर्षाचे आहेत, म्हणजे तो काळ उलटून गेलाय. सांध्यातली वाळू खाली गेली असेल तर आधी ती भरून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस हेच करत होते.

व्हिनेगर टाकलं, बारीक फेस आला. तो तुकडा काम करणाऱ्यांना दाखवला, त्यांनी स्वतः टाकून बघितलं आणि अ‍ॅसिडचा विषय संपला. झायलिनने थर चिकट झाला. मग स्ट्रिपर आणून तीन दगड मोकळे केले. आधी तलावावर आच्छादन घातलं, कडेला जुन्या टॉवेलांच्या वळकट्या लावल्या, म्हणजे मळ पाण्यात जाऊ नये. एकदा लावून भागलं नाही, छिद्रांमधला सीलर दुसऱ्या वेळी नायलॉनच्या ब्रशने निघाला. नंतर सौम्य, पीएच न्यूट्रल साबणाने धुतलं.

पाच दिवस वाळू देऊन कागद लावायचे असं ठरवलं होतं, पण उत्तर त्याआधीच मिळालं. तीनपैकी दोन दगड दोन दिवसांत फिके झाले. वाफ्याशेजारचा तिसरा मात्र रोज सकाळी एका बाजूने गडद. मी बसून बघितलं: वाफ्यातली माती डेकपेक्षा चार बोटं वर आहे आणि पहाटे ठिबक चालू होतं. पाणी बाजूने दगडाखाली जातंय. पांढरे ढग पहिल्यांदा तिथेच का दिसले, हे आता कळलं.

ठिबक बंद केलंय. माती खाली घेऊन कडेला खडीचा चर काढायचा विचार आहे. बरोबर वाटतंय का? आणि काठाच्या त्या दोन दगडांचं काय करू?

प्रतिसाद

चर काढाच, आणि त्याला तलावापासून उलटा उतार द्या. मातीची पातळी डेकच्या खालीच ठेवा.

काठाचे दोन दगड गोड्या पाण्याने रोज भिजवून, धुऊन बघा, आठवडाभर. पीठ थांबलं तर राहू द्या, बोट फिरवल्यावर कण सुटतच राहिले तर बदला. मुरलेलं मीठ सीलरने बाहेर येत नाही. बाकी डेकही पोहून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवायची सवय ठेवा, मीठ वाळून बसायच्या आत.

उरलेला थर काढल्यावर कोरडे दिवस बघून कागदाची चाचणी करा. कागद कोरडा निघाला की दगडावर पाण्याचे थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटं बघा. दगड गडद झाला तर मुरणारा सीलर लावा, नाही झाला तर गरज नाही. डब्यावर चुनखडीच्या दगडासाठी चालतो असं लिहिलेलं हवं, कारण सिलेनची पकड सिलिका असलेल्या वालुकाश्म-ग्रॅनाइटवर जशी बसते तशी कॅल्साइटवर बसत नाही. सकाळी दगड तापायच्या आत लावा आणि वर राहिलेला सीलर सुकायच्या आत कापडाने पुसून घ्या, नाहीतर त्याचेच डाग पडतील. सगळीकडे लावण्याआधी एका दगडावर लावा, पाणी ओता आणि अनवाणी चालून बघा.

धागाकर्ती

मोकळ्या केलेल्या दगडांवर आत्ताच पाणी ओतून चालून आले. पाय धरून राहतो. फिका दिसतो खरा, पण हाच रंग मी निवडला होता. उरलेला डेक शनिवारपासून काढायला घेते. कागदाचा निकाल इथेच लिहीन.