तुळशीला लाईट कोणता घ्यावा? (लातूर, आमच्या बिल्डिंगचा ग्रुप)

ए-२०१ काकू: बाल्कनीत तुळस अन् पुदिना करपायले म्हणून हॉलमध्ये आणले. आता काड्या नुसत्या लांबायल्यात, पानं बारीक अन् फिक्कट. भाचा म्हणतो ग्रो लाईट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा घ्या. ऑनलाईन १००० वॉटचा ८०० रुपयाला दिसायलाय. घेऊ का?

बी-१०४: १००० वॉट? मीटर फिरून फिरून खाली पडंल काकू 😄

सी-३०२: नका घेऊ. मी फसलोय. खोक्यावर ६०० लिहिलं होतं, प्लगला मीटर लावून बघितलं तर ३८ वॉट! मोठा आकडा 'इतक्या वॉटच्या जुन्या दिव्याच्या तोडीचा' असतो, खरा आकडा मागं बारीक अक्षरात. अन् तो जांभळा उजेड... हॉलचा ऑर्केस्ट्रा बार झाला होता. बायको बोलायची ते सोडा, त्या उजेडात मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडलेला दिसलाच नाही. दिसला तेव्हा सगळे शेंडे चिकट.

बी-१०४: मग साधी ट्यूब चालंल का? लुमेन किती बघायचे?

सी-३०२: लुमेन माणसाच्या डोळ्याचं माप. झाड मोजतं मायक्रोमोलमध्ये, म्हणजे उजेडाचे कण किती पडतात ते, अन् तेही ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडाचे. विकणारा तो आकडा सांगत असंल तर किती अंतरावरचा ते विचारा, नाहीतर उपयोग नाही. पण पुदिन्यापुरती २० वॉटची पांढरी एलईडी पट्टी बास. पांढऱ्यात झाडाला लागणारा लाल-निळा दोन्ही असतो. फक्त शेंड्यापासून एका फुटावर टांगा. छताची ट्यूब झाडाला चांदण्यासारखी.

ए-२०१ काकू: रात्रभर ठेवू का?

सी-३०२: नाही हो, १२-१४ तास, टायमर लावून. १२ तासाला पाव युनिटसुद्धा नाही, महिन्याला सात-सव्वासात युनिट.

डी-४०१ आजी: तुळशीला कशाला ट्यूब? सकाळचं कोवळं ऊन लागतं तिला. दुपारचं तेवढं अडवा.

सी-३०२: आजींचं खरंय. तुळस बाल्कनीतच ठेवा, वरून ५० टक्केवाली (अर्धं ऊन अडवणारी) हिरवी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी बांधा. एकदम उन्हात नका काढू, आत राहिलेली पानं भाजतात. पट्टी पुदिन्याला.

सेक्रेटरी: जिन्यातल्या प्लगला कुणी टायमर लावू नये. आधीच सांगतो. 🙏

ए-२०१ काकू: शेडनेट उरलंय का कुणाकडं? दोन मीटर पुरे.

बी-१०४: गच्चीवर टाकीमागं पडलंय. सुतळी तुमची.