'उंदीर सॅक केले' हे मराठीत कसं लिहायचं?

स्वरदा
अडले आहे, मदत करा. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमची संस्था सगळ्यांसाठी खुली असते आणि पुण्यातल्या शाळांची मुलं झुंडीने येतात. यंदा प्रत्येक लॅबने एक पोस्टर मराठीत करायचं फर्मान निघालंय. आमच्याकडे धड मराठी लिहिणारी मी एकटीच. सगळं झालं, एका वाक्यावर गाडी अडली. मूळ पोस्टर म्हणतं की चौदाव्या दिवशी उंदीर 'सॅक्रिफाइस' केले आणि प्लीहा काढून त्यातल्या पेशी मोजल्या.

मी सरळ 'उंदीर मारले' लिहिलं. सरांना ते रुचलं नाही, सातवीची मुलं वाचणार म्हणे. कॉम्प्युटरने भाषांतर करून दिलं, 'उंदरांचा त्याग करण्यात आला'. म्हणजे त्यांना पिंजऱ्यात सोडून आम्ही हिमालयात गेलो. ऑफिसातल्या एका मॅडमनी सुचवलं, 'उंदरांनी बलिदान दिले'. सगळे हसले, पण या घडीला पोस्टरवर तेच आहे आणि गुरुवारी ते छापायला जातंय. आम्ही आपसात 'सॅक करणे' म्हणतो, 'आज सहा सॅक करायचेत' वगैरे. ते काही लिहिता येत नाही.

पेशीपालक
एमएस्सीला असताना आईने फोनवर विचारलं, जेवलास का. म्हटलं, नाही गं, आठ सॅक करायच्या राहिल्यात. आईला वाटलं पोरगा शिवणकाम करतोय. पुढच्या वेळी घरी गेलो तर उसवलेली प्रवासी बॅग काढून ठेवलेली!

अनुस्वार
'बलिदान' ताबडतोब काढा. बलिदान स्वेच्छेने देतात, तुमच्या उंदराला कोणी विचारलं होतं? 'बळी दिले' हे निदान व्याकरणाला धरून आहे, देणारा वेगळा आणि जाणारा वेगळा. पण बळी देवतेला देतात, आणि संशोधन नियतकालिकाला अजून तो दर्जा मिळालेला नाही. मराठीला इथे स्वतंत्र पारिभाषिक शब्द हवा. मी 'प्राणहरण' सुचवतो. 'चौदाव्या दिवशी मूषकांचे प्राणहरण केले.'

घाटवाट
रेडा कुठे बांधता मग?

अनुस्वार
हसा. 'महापौर' शब्दालाही लोक हसलेच होते. सावरकरांनी दिला, आज तुम्ही रोज वापरता.

घाटवाट
'महापौर' रुळला, कारण महापौरांना तो आवडला. तुमच्या शब्दाबद्दल उंदराला विचारून घ्या.

बाकी आमच्याकडे जत्रेला बोकड 'पडतो'. 'यंदा तीस पडले.' कोणी पाडले ते वाक्यात येतच नाही. घरी मात्र कोंबडं 'कापतात', तिथे आडपडदा नाही. म्हणजे काम देवाचं असलं की क्रियापद अकर्मक, पोटाचं असलं की सकर्मक. स्वरदाताई, तुमचं काम कशात मोडतं ते आधी ठरवा.

जुनी पोथी
घाटवाट यांनी बरोबर नस धरली, पण ही लपवाछपवी जत्रेपेक्षा फार जुनी आहे. श्रौत पशुयागात मारण्याला 'संज्ञपन' म्हणतात, शब्दशः संमती द्यायला लावणे. ते करणारा तो 'शमिता', शांत करणारा. पशूला रक्त न सांडता, श्वास कोंडून मारत आणि तेवढा वेळ बाकीचे तोंड फिरवून बसत. 'मारा' म्हणायचं नाही, ती माणसांची रीत, असं शतपथ ब्राह्मणात स्पष्ट सांगितलं आहे. आरंभाला 'आलंभन' म्हणत, म्हणजे नुसतं हात लावणं.

आता मला सांगा, कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत तुम्ही वेगळं काय करता?

पेशीपालक
बाप रे. 'आज शमिता कोण?' हे उद्यापासून लॅबमध्ये सुरू करतो.

शब्दवेडा
आश्चर्य काहीच नाही. सॅक्रिफाइसमधला लॅटिन 'साकेर' म्हणजे आपला 'संस्कार'च. स, क, र, तिन्ही व्यंजनं जुळतात. शब्द इथून तिकडे गेला.

जुनी पोथी
तीन व्यंजनं जुळून नातं लागत असेल तर 'साखर' आणि 'सरकार' ही सख्खी भावंडं. 'संस्कार'चा धातू 'कृ', म्हणजे त्यातला 'क' धातूचा आणि 'स' उपसर्गाचा. लॅटिनमध्ये 'साकेर' म्हणजे पवित्र आणि 'फाकेरे' म्हणजे करणे. करण्याचा अर्थ तुमच्या जोडीत भलत्याच तुकड्याला चिकटलाय.

शब्दवेडा
पाश्चात्त्य भाषाशास्त्राची ही मक्तेदारी मी मानत नाही.

स्वरदा
मंडळी, गुरुवार.

निळी पिपेट
मी दहा वर्षं याच कामात आहे. माझं मत 'मारले'. आमच्याकडे वायू पेटीत हळूहळू सोडायचा असतो, भसकन सोडला तर उंदीर धडपडतो. निपचित पडला तरी तेवढ्यावर विसंबायचं नाही, मान निखळवून खात्री करायची. हे शिकताना नव्या मुलीचे हात थरथरतात, अंगठा आणि तर्जनी कवटीच्या मागे नेमकी कुठे दाबायची ते सापडत नाही. मग शेपटीच्या मुळाशी धरून एकच ओढ. अर्धवट ओढली तर जनावराचे हाल. शिकवताना मी म्हणते, 'मारायचंय, तर नीट मार.' 'सॅक करायचंय, तर नीट सॅक कर' म्हटलं की मुली पिपेटिंग केल्यासारखं करतात. शब्द मऊ झाला की हातही मऊ पडतो.

आणि एक. पूर्वी कॉलेजात बेडूक 'फाडायचो' तेव्हा कोणाला लाज वाटायची नाही. यूजीसीने विच्छेदनं बंद करायला लावली, बेडूक सुटला, आणि आता 'मारले' लिहायची पंचाईत.

आजोबा मिरजकर
निळी पिपेट यांच्याशी सहमत. पण प्राणिगृहातल्या माणसांची भाषाही ऐकावी. आमच्या प्राणिगृहात एक मामा होते, माळकरी. पिंजरे धुणं, तूस बदलणं, खाणं घालणं सगळं निगुतीने. उंदीर न्यायला गेलं की विचारायचे, 'आज कुणाची सुट्टी?' सुट्टी झाली की कार्ड उलटं करून ठेवायचे. एकादशीला मारण्याचं काम ठेवलं की मामांची रजा ठरलेली. साहेब चिडायचे, पण वेळापत्रक मामांच्या पंचांगानेच चालायचं.

शब्दच्छलाचंच म्हणाल तर उंदरांचं काय घेऊन बसलात. हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, त्याबद्दल त्याला दंडवत. पण नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या ज्या कैद्यांवर ती पाहिली, त्यांना कागदोपत्री 'स्वयंसेवक' म्हटलं आहे.

सोलापूरची साकुरा
मी सध्या जपानमध्ये आहे. इथे वर्षातून एकदा 'इरेइसाई' असते, प्रयोगात मेलेल्या प्राण्यांच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून. आवारात एक दगड आहे, सगळे रांगेने जाऊन त्यापुढे पांढरी शेवंती ठेवतात, मोठे प्राध्यापकसुद्धा. पहिल्या वर्षी मला ते नाटकी वाटलं, आता जाते. पण पेपर लिहायला बसले की हीच मंडळी इंग्रजीत 'सॅक्रिफाइस' खोडून 'यूथनाइज' करतात, कारण हल्ली बरीच नियतकालिकं तसं मागतात.

अनुस्वार
यूथनेझियाला 'दयामरण' आहेच की.

निळी पिपेट
दया कुणाची कुणावर? दयामरण असाध्य दुखण्यातून सोडवायला. माझा उंदीर धडधाकट होता, मला त्याची प्लीहा हवी होती. शिवाय २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पेपरवाल्यांनी दयामरण आणि इच्छामरण यांची खिचडी करून ठेवलीय. उद्या कोणी 'उंदरांचे इच्छामरण' छापेल.

आजोबा मिरजकर
प्लीहेला 'पाणथरी' लिहा हो. छान मराठी शब्द आहे, मरायला टेकलाय.

घाटवाट
मग त्यालाही सुट्टी द्या.

पेशीपालक
मला वाटतं उत्तर मराठीतच पडलंय. नारळ आपण फोडत नाही, 'वाढवतो'. दुकान बंद करत नाही, 'वाढवतो'. बांगडी फुटली की 'वाढली'. तसं, 'चौदाव्या दिवशी उंदीर वाढवले.'

निळी पिपेट
छान. म्हणजे मुलं समजणार उंदरांची पैदास केली. तुम्ही पेशी वाढवता तेव्हा काय म्हणायचं मग?

पेशीपालक
पेशी वाढवणं म्हणजे खरंच वाढवणं. हेला पेशी, म्हणजे एका बाईच्या कर्करोगाच्या गाठीतून घेतलेल्या, १९५१ पासून वाढताहेत, अजून कोणी दुकान वाढवलेलं नाही. पण 'कल्चर'ला शब्द कुठे आहे? पुस्तकात 'संवर्धन'. आमच्या फ्लास्कमध्ये बुरशी आली की 'संवर्धन दूषित झाले' असं म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. 'कल्चर गेलं' म्हणतो आणि ब्लीच ओततो.

अनुस्वार
'संवर्धन' हा उत्तम शब्द आहे. आघारकर संस्था जिच्यातून उभी राहिली त्या १९४६ च्या मंडळाचं मराठी नावच बघा, 'विज्ञानवर्धिनी'. इंग्रजी नावातल्या 'कल्टिव्हेशन'ला किती सहज शब्द दिलाय. तेव्हाच्या शास्त्रज्ञांना मराठीची लाज नव्हती.

घाटवाट
'संवर्धन' म्हटलं की गावात गुरांचा दवाखाना. पशुसंवर्धन विभाग. जळगावकडचा केळीवाला 'ऊतिसंवर्धित रोपे' वाचतो आणि 'टिशू'ची रोपं मागतो. वन्यजीव संवर्धनात वाघ वाचवायचे, पेशी संवर्धनात पेशी वाढवायच्या, आणि स्वरदाताईंच्या प्राणिगृहात संवर्धन करून मग प्राणहरण. एका शब्दावर किती ओझं टाकाल?

अनुस्वार
इंग्रजी 'कल्चर'वर ओझं नाही का? शेती, दही, जिवाणू आणि नाटक-सिनेमा सगळं एकाच शब्दात. तिथे तुमची तक्रार नसते. मराठी शब्दाने मात्र एकाच अर्थाला पतिव्रतेसारखं राहायचं.

सोलापूरची साकुरा
हा मुद्दा अनुस्वार यांचा बरोबर आहे. (पहिल्यांदाच.)

जुनी पोथी
भारतातल्या प्राणीप्रयोगांच्या नियमांत जगाच्या तीन तत्त्वांना एक चौथं जोडलंय, तेही पाहा. पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा, ही १९५९ ची तीन. चौथं आपलं, 'पुनर्वसन'. प्रयोग संपल्यावर जनावराची सोय लावायची.

आजोबा मिरजकर
कोयनेच्या धरणग्रस्तांचं उरकलं का आधी?

स्वरदा
आभार सगळ्यांचे. सरांशी बोलले. 'संज्ञपन' त्यांना इतकं आवडलं की ते पोस्टरवर टाका म्हणून मागे लागलेत. मी 'नियमांनुसार मारले' यावर अडून बसले आहे. पण आता नवीनच निघालं. डिझाइन करणाऱ्या मुलाने शीर्षकात 'उंदीर' काढून 'घूस' केलंय. म्हणे माऊस म्हणजे उंदीर आणि रॅट म्हणजे घूस. एका आकृतीत आमचा रॅट आहे हे खरं, पण घूस?

निळी पिपेट
रॅट आणि माऊस दोन्ही उंदीरच. फार तर मोठा आणि लहान. आपल्याकडे वेगळा शब्द नाही.

अनुस्वार
नाही कसा? रॅटला 'घूस' शाळेच्या पुस्तकात मी स्वतः वाचलाय.

घाटवाट
पुस्तकात असेल. घूस म्हणजे बँडिकूट, घराचा पाया उकरणारी, मांजरही जिच्या वाटेला जात नाही. तुमचा तो गुलाबी शेपटीचा पांढरा रॅट माझ्या आजीने घूस म्हणून ओळखला तर मी 'प्राणहरण' वापरायला तयार आहे.

शब्दवेडा
घूस हा 'घुसणे'वरून. पर्शियन.

जुनी पोथी
शब्दवेडा, बसा खाली.