बाळ काचेत आहे, सायनला हलवावं का?

भांडुपचा_मामा: बहिणीची डिलिव्हरी आठव्या महिन्यातच झाली, ३१ आठवडे, बाळ १४०० ग्रॅम. जवळच्या खाजगी हॉस्पिटलात काचेत ठेवलंय, सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं मशीन) लावलाय, नळीने दूध चालू झालंय. पण रोजचं बिल बघून भाऊजींचं तोंड उतरलंय आणि मेडिक्लेमवाले म्हणतात बाळ पॉलिसीत नाही. सायन नाहीतर वाडिया हॉस्पिटलला हलवू म्हटलं तर सासरचे म्हणतात पालिकेत एका वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या बेडवर, दोन-दोन बाळं. काय करू?

एनआयसीयूवाली_ताई: गर्दी असते, खोटं कशाला बोलू. पण सायन-केईएमला अशी बाळं रोजची आहेत, हात बसलेला असतो तिथल्या लोकांचा. खरी अडचण वेगळी, बाहेर जन्मलेल्या बाळाला बेड मिळणं. त्यामुळे आधी तुमच्या डॉक्टरांना तिकडच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावा, बेड पक्का झाल्याशिवाय बाळ हलवायचं नाही म्हणजे नाही. टॅक्सी किंवा साधी अँब्युलन्स अजिबात नको, ट्रान्सपोर्ट इनक्युबेटर (प्रवासात बाळाला गरम ठेवणारी काचपेटी), ऑक्सिजन आणि सोबत डॉक्टर हवाच, एवढंसं बाळ दहा मिनिटांत गार पडतं आणि मग तिकडे पोचून सगळं पहिल्यापासून. एक-दोन दिवसांत सीपॅप निघणार असेल तर मी तरी तोवर थांबेन.
दुधाचंही बघा, ताईला दर दोन-तीन तासांनी दूध काढायला सांगा, सुरुवातीला वाटीच्या तळाला चिकटेल एवढंच येतं, तेही फेकायचं नाही. सायनला १९८९ पासून मिल्क बँक आहे, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध मिळतं, आशियातली पहिली.

परळकर: पैशाचं बोलतो. सरकारी-पालिकेत आजारी तान्ह्या बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट असतात. आणि आत्ताचं हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का ते बघा, धर्मादाय असेल तर १० टक्के बेड गरिबांना फुकट आणि १० टक्के सवलतीत द्यावे लागतात. रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन थेट सोशल वर्करला गाठा, बिलिंग काउंटरवर हुज्जत घालून काही होत नाही.

भांडुपचा_मामा: ट्रस्टचं नाहीये हो 😔 डॉक्टर सायनला फोन करतायत.

चिंटूची_आई: कुठेही न्या, डोळ्यांची तपासणी विसरू नका!! आरओपी म्हणतात, लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार, बाळ महिन्याचं व्हायच्या आत पडदा बघून घ्यायचा. माझ्या मुलाचं लेझर वेळेत झालं म्हणून निभावलं. डिस्चार्जच्या गडबडीत कोणी आठवण करत नाही, फाईलवर तारीख लिहूनच घ्या.