खरखर आली म्हणून सीडी भंगारात? आधी ड्राइव्ह तपासा

जुना_गिरगावकर

परवा 'निर्मोही' यांनी इथे लिहिलं की, जुनी सीडी कॉम्प्युटरवर उतरवताना खरखर आली किंवा ट्रॅक मध्येच तुटला की ती मेली असं समजावं आणि सरळ भंगारात द्यावी, गाणी स्ट्रीमिंगवर आहेतच. खाली लोकांनी धडाधड 'सहमत' लिहिलं. मला राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

सीडीला दोष देण्याआधी ड्राइव्ह कुठे जोडलाय ते बघा. हल्ली लॅपटॉपला सीडीची खाच नसते, त्यामुळे सगळे पातळ यूएसबी ड्राइव्ह घेतात आणि तो हबला, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीला, खोचतात. यूएसबी २ च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, आणि हबवर माऊस, पेनड्राइव्ह असे वाटेकरी असतातच. तबकडी वेग घ्यायला लागली की ड्राइव्ह मान टाकतो. थेट लॅपटॉपच्या पोर्टाला लावा आणि वाचण्याचा वेग ४एक्सवर (वाजवण्याच्या चौपट) आणा.

'शेवटचे दोन ट्रॅकच खराब आहेत' ही तक्रार तर नेहमीची. सीडी आतून बाहेर वाचली जाते. ड्राइव्ह पूर्ण वेगात फिरत असताना बाहेरच्या कडेला तबकडी सगळ्यात जोरात पळते, आणि बोटांचे डागही तिथेच पडलेले असतात. मैफलीतली भैरवी असते शेवटी, म्हणून खरखर तिच्या वाट्याला येते. वेग कमी केला की बहुतेकदा ती नीट उतरते.

ओरखड्यांबद्दलही उलटंच बोललं जातं. चकचकीत बाजूला १.२ मिमी जाडीचं पॉलिकार्बोनेट आहे. तिथला ओरखडा बऱ्याचदा निभावून जातो. गाणं असतं लेबलच्या लगेच खाली, त्यामुळे त्या बाजूचा ओरखडा खरा घातक. आणि पुसताना मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. सीडीची त्रुटिदुरुस्ती सुमारे अडीच मिमीपर्यंतची सलग तूट भरून काढते. आडव्या ओरखड्याला ती पुरते, ट्रॅकच्या दिशेने गेलेल्या लांब ओरखड्याला नाही.

एवढं करून मग सीडी मेली म्हणा.

निर्मोही

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही ऐका. मी अंबरनाथहून फोर्टला रोज येतो-जातो. रात्री घरी पोचल्यावर एकेक सीडी ४एक्सवर वाचत बसायचं? दीड खोलीच्या घरात सीडींचं कपाट भिंत अडवून उभं आहे, पावसाळ्यात डबीतले इनलेचे कागद प्लास्टिकला चिकटतात, वरून बुरशी. बायको विचारते हे कधी जाणार, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. तुमच्याकडे जागा आणि वेळ आहे म्हणून इतरांना आळशी ठरवू नका.

लॅमिंग्टन_रोडवाला

ड्राइव्ह दुरुस्त करण्यात माझी उमेद गेली, म्हणून बोलतो. लोक 'सीडी उतरवणाऱ्या ईएसी प्रोग्रॅमच्या सिक्युअर मोडमध्ये टाका, प्रत्येक भाग दोनदा वाचतं' एवढं ऐकतात आणि निश्चिंत होतात. अनेक ड्राइव्ह वाचलेला आवाज कॅशेत, म्हणजे स्वतःच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवतात. दुसऱ्यांदा मागितलं की तेच कॅशेतून काढून देतात, तबकडीकडे बघतही नाहीत. चूक दोनदा तीच आली तर जुळणारच! ड्राइव्हची ओळख करून घेणारी तपासणी ईएसीत आहे, ती आधी चालवा. मॅकवाल्यांनी एक्सएलडीमध्ये आणि लिनक्सवाल्यांनी सीडीपॅरानोइयामध्ये हेच बघायचं.

आणि कृपा करून लेन्सवर कोणी सेंट-अत्तर चोळू नका. फुग्याने धूळ उडवा, बास.

पार्लेकरीण

खरखर नाही, माझी तक्रार वेगळीच. आईकडच्या सगळ्या शास्त्रीय सीडी एमपी३ केल्या. विलंबित पहिल्या ट्रॅकवर, द्रुत दुसऱ्यावर. मूळ सीडीत सलग वाजतं. माझ्या फाइलींत मध्ये झटका बसतो, अगदी समेच्या तोंडावर. आईने ऐकून बंद करायला सांगितलं.

जुना_गिरगावकर

ताई, सीडीत दोष नाही. एमपी३ आवाजाचे ठरावीक लांबीचे तुकडे करतं, १,१५२ नमुन्यांचा एक, आणि फाइलच्या आगेमागे शांतता भरतं. फ्लॅक या काहीही न गाळणाऱ्या प्रकारात जेवढं सीडीवर तेवढंच येतं. शिवाय प्लेयरमध्ये गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणं) चालू आहे ना बघा. आणि आवाज समान करणारी सोय ट्रॅकवार लावली असेल तर अल्बमवार करा. नाहीतर आलाप मोठा आणि तराणा बारीक असा उलटा प्रकार होतो.

ठेका

निर्मोही, तुमचं 'स्ट्रीमिंगवर सगळं आहे' मला फार लागलं. माझे वडील परळच्या गिरणीत होते आणि तबला वाजवायचे. १९९० च्या दशकात काही सीडींवर त्यांची साथ आहे. नाव फक्त इनलेवर, बारीक अक्षरात. त्यातल्या ज्या स्ट्रीमिंगवर सापडतात तिथे गायकाचं नाव आहे, तबला-पेटीचं नाही. सीडी भंगारात गेली की त्यांनी वाजवल्याचा पुरावाच गेला. पण रिप करणारे, म्हणजे सीडी फाइलींत उतरवणारेही तेच करतात. डेटाबेसमधून जे आपोआप येतं तेवढं घेतात आणि पुढे जातात.

कानसेन_दादर

भावना समजतात, पण फाइलीच्या टॅगमध्ये, म्हणजे गाण्यासोबतच्या माहितीच्या रकान्यांत, किती कोंबायचं? शास्त्रीय ऐकणारा आधी राग शोधतो. मी कंपोजरच्या रकान्यात राग घालतो, कलाकारात गायक. साथीदार शेऱ्यात, जागा असेल तर.

ठेका

'जागा असेल तर'? टॅगला जागेची मर्यादा नसते, मर्यादा तुमच्या मनात आहे. तास-तासभर विलंबित एकताल धरून बसलेला माणूस शेऱ्यात टाकायचा? मैफलीत असं बोलून बघा, गायकच तुम्हाला उठवेल.

कानसेन_दादर

आवाज चढवू नका. मी चाळीस वर्षं पुढच्या रांगेत बसून ऐकतोय. कलाकाराच्या रकान्यात चार नावं घातली की कित्येक प्लेयर त्याचा वेगळाच कलाकार करतात आणि एका गायिकेच्या सीडी सात ठिकाणी विखुरतात. हा रोजचा त्रास आहे, तबल्याचा अपमान नाही.

पार्लेकरीण

त्याला उपाय आहे. 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये एकटी गायिका घाला, 'आर्टिस्ट'मध्ये सगळे. यादी त्या पहिल्या रकान्यावरून लागते. आणि म्युझिकब्रेन्झ या खुल्या डेटाबेसवर कोणी कोणतं वाद्य वाजवलं हे वेगळं नोंदवता येतं. तिथे एकदा भरलं की जगातल्या कोणालाही मिळतं. नावं आपोआप देणारा जुना डेटाबेस फ्रीडीबी २०२० मध्ये बंद झाला, त्याच्याच आठवणीत किती दिवस बसणार? भांडण्यापेक्षा भरा.

ठेका

मी भरतोच आहे. एकट्याने किती भरणार? ज्यांच्याकडे सीडी आहेत ते भंगारात टाकायच्या गप्पा मारतायत.

ठाणे_वकील

कोणी विचारण्याआधी सांगतो: २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीचा उचित व्यवहार ध्वनिमुद्रणालाही लागू आहे. घरी ऐकायला रिप करणं वेगळं, त्याच फाइली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाटणं वेगळं.

लॅमिंग्टन_रोडवाला

मूळ मुद्द्यावर या. अ‍ॅक्युरेटरिप ही ऑनलाइन सोय तुमच्या रिपचा हिशेब इतरांच्या रिपशी ताडून बघते. पण छोट्या मराठी कंपन्यांच्या सीडी दुसऱ्या कोणी टाकलेल्याच नसतील तर ताडणार कशाशी? अशा वेळी दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर वाचा आणि फाइलीचा तपासणी-आकडा, म्हणजे सीआरसी, जुळवा. जुळला तर रिप चोख समजा. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा मुकाट वाचतो, हे माझ्या टेबलावर रोज घडतं. काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे सीडींचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आज टाकलेली सीडी उद्या कुठून आणणार?

निर्मोही

ठीक. काल हब काढून थेट लॅपटॉपला लावून नाट्यगीतांची एक सीडी ४एक्सवर टाकली. शेवटचा ट्रॅक स्वच्छ आला. तेवढं मान्य. दुसरी मात्र तशीच अडली, तिच्या लेबलवरच ओरखडा आहे. आणि जागेचा प्रश्न कोणीच सोडवला नाही. कपाट जाणार म्हणजे जाणार.

ठेका

कपाट काढा, सीडी मला द्या. संध्याकाळी दादरला पुलावर घेतो, सोबत अडलेलीही आणा. इनलेचे फोटो मी काढतो, नावं मी भरतो.

कानसेन_दादर

'अल्बम आर्टिस्ट'चं करून पाहिलं. यादी फुटत नाही. साथीदार आता कलाकारात घालतोय. कंपोजरमधला राग मात्र मी हलवणार नाही.