मदत हवी आहे: हिरो भुताशी भांडायलाच तयार नाही, आता काय करू?

पंपवाला_खानापूर

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर-बेळगाव भागातली पोरं मिळून एक शॉर्ट फिल्म करायलाव, हॉरर कॉमेडी, साधारण पंचवीस मिनिटांची. बजेट सगळं धरून ३५ हजार, त्यात जेवण आणि पेट्रोल पण आलं, त्यामुळे शूट मोबाईलवरच. कॅमेरा भाड्यानं घ्या म्हणून कृपया सांगू नका.

ष्टोरी अशी. मारत्या म्हणून एक जण हाय, मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरची तार नवी भरून द्यायचं दुकान, लग्न जमत नाही, भांडण दिसलं की गल्ली बदलणारा. शेतातली थ्री फेज आपल्याकडं बऱ्याचदा रात्रीच येते, मग शेतकरी बारा वाजता फोन करून "मोटर उठत नाही, ये" म्हणतो आणि ह्याला जावंच लागतं. त्या विहिरीत गिऱ्हा हाय. पुण्यामुंबईच्या लोकांसाठी सांगतो, गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत. काठावर आलेल्याला हाक मारून आत ओढतंय, आणि त्याच्या डोक्याचा केस कुणाच्या हाती लागला तर त्याच्या घरी गड्यासारखं राबतंय असं आमची म्हातारी माणसं सांगायची.

पहिला अर्धा भाग मस्त झालाय, वाचून दाखवला की लोक हसतात. खरं दुसऱ्या भागात मारत्या गिऱ्ह्याशी लढतो आणि तिथं सगळे एकच विचारतात, मग हा घरी का जात नाही बे? बरोबर हाय की. घाबरट माणूस, गाडी स्टँडवर लावलेली, किक मारायची आणि सुटायचं. आम्ही पाटलाची पोरगी विहिरीत अडकवून बघितली, तर ती वेगळीच फिल्म व्हायला लागली. आज्जीला दिलेलं वचन घातलं तर मारत्या भाषण करायला लागला, आमच्यातलाच एक जण झोपला. गावासाठी जीव देणारा हिरो आम्हाला नकोच हाय. त्याला शेवटपर्यंत हे काम नको असलं पाहिजे.

बाकी अडचणी म्हणजे रात्रीचं शूटिंग मोबाईलवर नुसतं दाणेदार येतंय आणि बल्ब लावला की चित्रात पट्टे पळतात. गिऱ्ह्याचा ड्रेस गोणपाटाचा केलाय, तो भिजलेल्या गोणपाटासारखाच दिसतो. आणि रक्त. साखरेच्या पाकात रंग घालून केलं तर हिरोला मुंग्या लागल्या.

काजूबाग_चंदगड

पट्टे पळतात ते आपल्या लाईटमुळं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं शटर १/५० नाहीतर १/१०० ला लॉक कर आणि २५ फ्रेमवर शूट कर. मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्यात हे येत नसेल तर मॅन्युअल कंट्रोल देणारं ॲप टाक, फुकटात पण मिळतात.

आणि रात्रीचं रात्री शूट करायचं हट्ट कशाला? लांबचे शॉट दिवसा घे. ऊन कॅरेक्टरच्या पाठीमागून येऊ दे, एक्स्पोजर दोनेक स्टॉप खाली ओढ, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनच्या आसपास ठेव म्हणजे सगळं निळसर येतंय. फक्त आभाळ फ्रेममध्ये घेऊ नको, आभाळ दिसलं की लगेच कळतंय दुपार हाय म्हणून. काजूच्या बागेत हे झकास जमतंय, वर पानांचं छप्पर असतंय. जवळचे शॉट तेवढे रात्री घे, एक एलईडी पाठीमागून मार आणि तोंडावर बॅटरी, मारत्याच्या हातात तशी पण बॅटरी असणारच की.

टिळकवाडीकर

१९८१ चा ईव्हिल डेड असाच कमी पैशात १६ एमएमवर केलेला. त्यात जंगलातून काहीतरी अंगावर येतंय तो शॉट कसा केला ठाऊक आहे का, लाकडाच्या फळीवर कॅमेरा बांधला आणि दोन्ही टोकं धरून दोघं जण पळाले. तुमच्याकडे फळी आणि पळणारी दोन माणसं नक्की असतील. गिऱ्हा दाखवूच नका सारखा, त्याच्या डोळ्यांनी मारत्या दाखवा.

रक्तासाठी साखरेचा पाक नको. बेकरीचं सामान मिळतं तिथे लिक्विड ग्लुकोज घ्या, त्यात खाण्याचा लाल रंग, थोडी कोको पावडर आणि निळ्याचा अगदी एक थेंब, नाहीतर ते रूह अफजा दिसतं. कपड्यावर सांडायचं असेल त्यात भांड्याचं लिक्विड मिसळा म्हणजे धुतल्यावर बऱ्यापैकी निघतं, तोंडात धरायचं असेल त्यात अजिबात घालू नका. मुंग्या मात्र ह्यालाही येणार, शॉट झाला की लगेच पुसा.

निवांत_कोल्हापूर

हिरो घरी जातो पण गिऱ्हा त्याच्या मागं घरी येतो असं करा की. आणि भूत दारातनंच परत जावं म्हणून दारावर 'नाळे बा' (कन्नडमध्ये 'उद्या ये') लिहितात तसं काहीतरी. तुमच्याकडं कर्नाटकात ते होतंच की पूर्वी.

पंपवाला_खानापूर

होतं, खरं २०१८ च्या 'स्त्री' सिनेमानंतर ते वापरलं की लोक म्हणणार हिंदीतून उचललंय. आमच्या कर्नाटकातलीच गोष्ट आणि आम्हीच चोर ठरणार, असं झालंय ते. मागं येतो हे बरं हाय, खरं का येतो?

टिळकवाडीकर सर, फळी मिळाली. पळणाऱ्यातला एक जण जाड हाय, बघू.

चित्ररथ_अनगोळ

ड्रेसचं मी सांगतो. आम्ही शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथाला आणि गणपतीत हलत्या देखाव्याला हीच कामं करतो. गोणपाट राहू दे, ते वाया गेलेलं नाही, त्याच्यावर काथ्या आणि जुनं मासे धरायचं जाळं शिव, वरून फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून थाप आणि वाळल्यावर काळा-हिरवा रंग स्प्रे कर. भिजवायचं असेल तर वरून वॉर्निश मार, नाहीतर फेविकॉल पाण्यात सुटतंय. तोंड फोमचं काप.

एकच गोष्ट हलती ठेव. जबडा नाहीतर एक हात. गाडीच्या वायपरची जुनी मोटर भंगारात मिळते, बारा व्होल्टची, बाईकच्या बॅटरीवर चालते, तिला लोखंडी पट्टी जोडली की जबडा उघडमीट होतो. आवाज येतोय घर्र घर्र, तो डबिंगमध्ये काढा. नाहीतर ठेवाच, मारत्या मोटरवालाच आहे ना, त्यानं आवाज ऐकून "बेअरिंग गेलंय" म्हणावं.

पंपवाला_खानापूर

"बेअरिंग गेलंय" घेतलं!! दादा, तुमचं नाव टायटलमध्ये टाकणार.

वाइंडिंगवाल्याची_बायको

तुमच्या मूळ प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहिते. आमचं रिवाइंडिंगचंच दुकान आहे, बेळगावातच, गल्ली सांगत नाही. तुम्ही सगळे हिरोला शूर करायला बघताय. मारत्या परत विहिरीवर जातो कारण त्यानं मोटरची गॅरंटी दिलीय. बास.

आमच्याकडं हेच चालतंय. सहा महिने गॅरंटी म्हणून बिलावर लिहून द्यावं लागतं, नाहीतर गिऱ्हाईक दुसरीकडं जातंय. मग चार दिवसांनी तीच मोटर जळून परत येते. तांब्याची तार किलोच्या भावानं, वरून वॉर्निश, भट्टीत वाळवणं, आणि मजुरी शून्य कारण गॅरंटी! मग आमचे हे आणि शेतकरी तासभर भांडतात. हे म्हणतात एक फेज गेला होता, मोटर दोनच फेजवर चालली, जास्त करंट ओढून जळली, सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, का बसवला नाही? शेतकरी म्हणतो तुमची तार हलकी. हे म्हणतात विहिरीत पाणी नसताना चालवली. तो म्हणतो येऊन बघा पाणी. आणि मग रात्री बघायला जावं लागतं, कारण थ्री फेज रात्री.

तुमच्या मारत्याला भुताशी काही देणंघेणं नाही. त्याला फक्त सिद्ध करायचंय की मोटर त्याच्या चुकीनं जळली नाही. मागं गिऱ्हा उभा असेना का, हा टेस्टर लावून फेज मोजणार. माझा नवरा तसाच आहे, घरात पाल निघाली तर पलंगावर चढतो, पण बिलाचा वाद असेल तर नागाच्या बिळात हात घालेल.

काजूबाग_चंदगड

ताई 🙏🙏 दंडवत.

पंपवाला_खानापूर

वहिनी मी हे वाचून गाडी बाजूला घेतली. रात्रीच बसून लिहून काढलं, सांगतो बघा.

मोटर परत परत जळते कारण इंपेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या पाणी फेकणाऱ्या चाकात, काहीतरी अडकतंय. मारत्या चेनपुलीनं पंप वर ओढतो, खोलतो, तर आत केस. हातभर लांब, ओले. शेतकऱ्याला दाखवायला पुरावा म्हणून तो केस प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवतो, "हे बघा पाटील, कचरा अडकलाय, हे गॅरंटीत बसत नाही." आणि गिऱ्ह्याचा केस ज्याच्याकडं, त्याच्या घरी गिऱ्हा गडी! आता तो मारत्याच्या मागं दुकानात येतो, काम मागतो. मारत्याला गडी नको, पगार कोण देणार. केस परत द्यावा तर पुरावा जातो, मोटर फुकट भरून द्यावी लागते. केस ठेवावा तर हे बला गळ्यात.

मारामारी आता पाटलाच्या अंगणात होणार, बिलावरून. मधे गिऱ्हा उभा. पाटील कन्नडमध्ये शिव्या देतो, मारत्या मराठीत, गिऱ्ह्याला दोन्ही कळतंय कारण तो इथलाच.

आता नवीन प्रश्न. पंपाला जाळी असते ना, त्यातनं केस आत कसा गेला म्हणून कुणी विचारलं तर?

वाइंडिंगवाल्याची_बायको

जाळी फाटकी दाखवा. निम्म्या पंपांची असतेच. आणि शेतकऱ्यानं म्हणावं की जाळी तुम्हीच फाडली.

एक सांगते, खोललेला पंप दाखवाल तेव्हा खऱ्या माणसाच्या हातून खोलून घ्या. ॲक्टरला पाना कुठं लावायचा कळत नाही आणि बघणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला कळतंय.

टिळकवाडीकर

'झपाटलेला' १९९३ चा, त्यातला लक्ष्या पण काही लढवय्या नव्हता, बाहुला त्याच्या अंगात शिरायला बघतो म्हणून तो अडकलेला. रामदास पाध्यांचा बाहुला होता तो, खरा हातानं हलवलेला, म्हणून अजून चालतो. तुमच्या वायपर मोटरच्या जबड्याची लाज वाटून घेऊ नका एवढंच. व्हीएफएक्सच्या मागं लागू नका.

रानवाट_जांबोटी

शूटिंग कुठं करताय? जांबोटीच्या पुढं जंगलात शिरू नका, भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय शूटिंग चालणार नाही आणि रात्री तर नाहीच. कुणी बारापेडे गुहेतली वटवाघळं घ्या म्हणाला तर ऐकू नका, दुर्मीळ जात आहे ती, तिथं लाईट मारत बसू नका.

आणि विहीर खरी असली तरी माणूस आत उतरवू नका. जुन्या विहिरीत तळाला हवा खराब असते, वरून कळत नाही. वरून खाली बघणारा शॉट खऱ्या विहिरीचा घ्या, आतला शॉट कुणाच्या तरी सिमेंटच्या टाकीत. पंप हाताळताना स्टार्टर नुसता बंद नको, मेनच्या फ्यूज काढून खिशात ठेवा. तिथं चारशेच्या वर व्होल्ट आहेत.

पंपवाला_खानापूर

बरोबर दादा, आत कोण उतरणार नव्हतंच, हिरो तर आत्ताच नको म्हणायलाय. शूटिंग मामाच्या शेतात, नंदगडच्या अलीकडं, भात कापून झाल्यावर. जंगलाचा संबंध नाही.

आता दोनच गोष्टी राहिल्या. पाटलाच्या रोलसाठी पन्नाशीचा माणूस पाहिजे, मराठी-कन्नड दोन्हीत सलग भांडता आलं पाहिजे, मिशी असेल तर बरं. आणि चेनपुली, एक टनाची चालेल, दोन रात्री पाहिजे, भाडं देऊ.

वाइंडिंगवाल्याची_बायको

चेनपुली आमची न्या, भाडं नको. ह्यांना पाटलाचा रोल द्या, मिशी आहे आणि दुसऱ्या बाजूनं भांडायची त्यांना लई हौस आहे. मोटर मात्र तुमची तुम्ही आणा.