स्कूटरला भारीतले ऑल सीझन टायर: नाशकात पैसे वसूल होतात का?

सिडकोवाला
गेल्या जूनमध्ये पहिल्याच पावसात मुंबई नाक्यावर माझी ॲक्टिव्हा घसरली. वेग पंचवीस-तीसच असेल. पुढची रिक्षा थांबली, मी ब्रेक दाबला आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक डावीकडे निघून गेलं. माझा गुडघा फुटला, मागे बसलेली मुलगी कशीबशी वाचली. टायरची नक्षी बरी दिसत होती म्हणून बदलला नव्हता. मग दोन्ही चाकांना मऊ रबराचे, चांगल्या प्रतीचे ऑल सीझन टायर घातले. साध्या जोडीपेक्षा हजारभर रुपये जास्त गेले. अख्खा पावसाळा सिडको ते सातपूर एमआयडीसी केलं. ओल्यात ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी बसते, भरकटत नाही. हेल्मेटनंतरचा पहिला खर्च टायरवरच करा, असं माझं ठाम मत आहे.

गंगापूररोडकर
दादा, पडलात ते वाईटच झालं, पण तुमचं म्हणणं पटत नाही. ऑल सीझन हा प्रकार मुळात बर्फाच्या देशांतला. पारा ७ अंशांखाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, म्हणून तिथे हिवाळी टायर वेगळे. दोन्हींच्या मधला तो ऑल सीझन. आपल्या निफाडला थंडीत पहाटे पारा तेवढा उतरतो, पण दहा वाजेपर्यंत ऊन असतं. आपल्याला छळतो तो एप्रिल-मेचा तापलेला डांबर. त्यावर मऊ रबर भराभर झिजतं. त्यात स्कूटरचं चाक लहान, म्हणून फेरे जास्त आणि झीजही जास्त: दहा इंची चाक किलोमीटरला साधारण ७३० फेरे घेतं, बारा इंची ६८०. माझा मऊ टायर पंधरा हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत झाला, गाडीबरोबर आलेला पंचवीस हजार चालला होता. तुमचा जुना टायर किती सालचा होता? बाजूवरचे चार आकडे पाहिलेत?

सिडकोवाला
पडल्यावर पाहिले. ३५१७, म्हणजे २०१७ चा पस्तिसावा आठवडा. अंगठ्याचं नख दाबलं तर रुतत नव्हतं.

पंचवटीची ताई
अहो दादा, मग इथेच उत्तर आलं की! इतकी वर्षं उन्हात वाळलेल्या रबराची तुलना तुम्ही कोऱ्या टायरशी करताय. साधा नवा टायर घातला असता तरी फरक जाणवलाच असता. आणि हवा? ॲक्टिव्हाला पुढे २२ पीएसआय, मागे एकट्याला २९ आणि डबलसीट ३६ लागते. आपल्याकडे पंपावरचा पोरगा न विचारता दोन्हीकडे ३५ भरून मोकळा होतो. पुढचं चाक दगडासारखं झालं की महागडा टायरही रस्त्यावर टेकतच नाही नीट.

दिंडोरीकर
ताईंचं हवेबद्दलचं बरोबर, पण रबराला कमी लेखू नका. स्कूटरचा टायर गोलाकार असतो, चाळीसच्या वेगात तो पाण्यावर तरंगत वगैरे नाही. म्हणून ओल्या डांबरावर नक्षीपेक्षा रबराची पकड कामाला येते. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं, पण सीबीएस फक्त दोन्ही चाकांना ब्रेक वाटून देतं. चाक जाम होऊ न देणं हे एबीएसचं काम, आणि ते बहुतेक स्कूटरना नाही. मग उरतो टायरच. एक मात्र सांगतो, आमच्याकडे ट्रॅक्टर शेतातली काळी माती रस्त्यावर आणतात. तिचा लगदा नक्षीत भरला की कुठलाच टायर धरत नाही. तिथे पाय खाली सोडून, चालत्या माणसाच्या वेगानं गाडी काढायची.

सिडकोवाला
आज हवा मोजली. पुढे ३४ निघाली. २२ वर आणली आणि द्वारका चौकापासून घरापर्यंत हँडलची थरथर निम्मी झाली. ताई, मनापासून धन्यवाद. तरीही पुढची जोडी मी मऊच घेणार.

गंगापूररोडकर
मग निदान मधला मार्ग काढा. पुढे मऊ, मागे टिकाऊ. मागचाच आधी झिजतो, तिथे तरी पैसे वाचतील.

सिडकोवाला
दादा, माझं मागचंच चाक निघालं होतं. आणि मुलगी मागेच बसते.